टेबलाच्या पायाखालचा कागद

सिनेमा शिकवणाऱ्या सरांनी मला फसवलं. मी त्यांच्याशी सौदा केला, त्यांनी तो शब्दशः पाळला, आणि तरीही फसवलं. सौदा पाळून फसवणारा माणूस मला एवढ्या वर्षांच्या धंद्यात भेटला नव्हता. हे सुरुवातीलाच सांगून ठेवतो, कारण पुढे जे सांगणार आहे त्यात माझीही बाजू फार उजळ नाही, आणि ते वाचून कुणी मूळ मुद्दा विसरायला नको.

पुण्यात वारज्याला माझं जुन्या फर्निचरचं दुकान आहे. वऱ्हाडातून आलो तेव्हा हातगाडीवर मोडक्या खुर्च्या घेऊन फिरायचो. मग कोथरूडमधल्या जुन्या सोसायट्या पाडून नव्या इमारती उठायला लागल्या आणि माझे दिवस पालटले. नव्या फ्लॅटमध्ये वडिलांचं शिसवी कपाट मावत नाही, आणि ते विकताना मुलाला थोडी लाज वाटते. त्या लाजेवर मी दुकान उभं केलं. माझी एक पद्धत होती. कुणाच्या घरात शिरलो की मला हवी ती वस्तू मी बघतच नसे. खिडकीबाहेर बघायचो, पंख्याकडे बघायचो. ज्या वस्तूकडे तुम्ही बघता तिचा भाव वाढतो. हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

दहा-बारा वर्षांपूर्वी सिनेमा शिकणारी मुलं दुकानात यायला लागली. आपण ज्याला सामान म्हणतो त्याला ती प्रॉपर्टी म्हणतात. चार दिवस भाड्याने नेतात, परत आणून देतात. सुरुवातीला ती काय मागतात तेच मला कळेना.

"काका, एकटेपणा वाटेल असं काही आहे का?"

"एकटेपणा वरच्या माळ्यावर आहे," मी म्हणायचो. "खाली सगळी गर्दी."

पण धंदेवाईक माणूस गिऱ्हाइकाची भाषा शिकतो. मीही शिकलो. रिकामी आरामखुर्ची म्हणजे गेलेला माणूस. बंद घड्याळ म्हणजे थांबलेलं आयुष्य. तडा गेलेला आरसा म्हणजे मनाचे तुकडे. पिंजरा म्हणजे बहुतेक वेळा बायको. मी दुकानाची मांडणीच तशी केली. एका भिंतीला सगळा विरह, दुसरीला सगळी कैद. मुलं खूश झाली. पिंजरा तर वर्षभर फिरतीवर असायचा. पोपट मात्र मी कधी ठेवला नाही, त्याला खायला घालावं लागतं.

मग एके दिवशी त्यांचे सर स्वतः आले. बारीक अंगाचे, खादीचा झब्बा, आवाज इतका हळू की वाकून ऐकावं लागे. भिंती बघितल्या आणि म्हणाले, "तुम्ही माझ्या मुलांचं फार नुकसान करताय."

मी तापलो. "नुकसान? एक वस्तू खराब दिली असेल तर दाखवा!"

"वस्तू उत्तम आहेत. तुम्ही अर्थ फुकट देताय, तो बंद करा."

ते पुढच्या आठवड्यात अख्खा वर्गच दुकानात घेऊन आले. मुलांना म्हणाले, रूपक दुकानात मिळत नाही. खुर्ची ही खुर्चीच असते. कॅमेरा तिच्याकडे कधी बघतो, किती वेळ बघतो, आणि त्यानंतर कुणाकडे बघतो, त्यातून ती दुसरं काही होते. पुस्तकात वाचलेलं आणि हाताने केलेलं इथे एकत्र येतं. मी गल्ल्यामागे उभा राहून ऐकत होतो. माझ्या मनात आलं, हे तर माझंच आहे. बघितलं की भाव वाढतो. हा माणूस माझीच विद्या विकतोय, फक्त हळू आवाजात.

तेव्हापासून आमचं जमलं. म्हणजे भांडण जमलं. ते यायचे, घासाघीस करायचे, चहा प्यायचे. माझ्याकडे एक जुना बेल्जियमचा आरसा आहे, त्यावर त्यांचा डोळा होता. मी देत नव्हतो.

आता टेबलाबद्दल सांगतो.

दुकानाच्या वरच आमचं घर आहे. घरात जेवायचं सागवानी टेबल आहे. संसारातली विकण्यासाठी न आणलेली ती पहिली वस्तू. त्याचा एक पाय आखूड आहे. फार नाही, नाण्याच्या जाडीएवढा. तो पाय नीट करायला मला दहा मिनिटं लागली असती. मी आयुष्यभर लोकांची टेबलं सरळ केली. पण आमच्या टेबलाच्या त्या पायाखाली पंचवीस-एक वर्षं चार घड्यांचा, दबून चपटा झालेला कागदच होता. मध्ये कधी मी रंधा घेऊन बसलोच, तर बायको म्हणायची, "राहू दे, चाललंय की." मीही ठेवून द्यायचो. मला वाटायचं, तिला भुसा नको असेल घरात.

सरांचा वर्ग पुन्हा एकदा आला तेव्हा बायकोने सगळ्यांना वर बोलावून पोहे दिले. त्यात एक विद्यार्थिनी होती, केस कापलेली, बोलायला फटकळ. तिला शेवटच्या वर्षाची छोटी फिल्म करायची होती. ती टेबलाशी बसली, कोपर टेकवलं, आणि पाण्याच्या पेल्याकडे बघत राहिली. पेल्यातलं पाणी थरथरलं. शेजारी बसलेल्या माझ्या बायकोने न बघता पेल्यावर हात ठेवला, जसा ती रोज ठेवते.

"काका, हे टेबल द्या ना मला."

"विकायचं नाही ते."

"भाड्याने. चार दिवस."

"खाली दहा टेबलं आहेत. सरळ उभी राहणारी."

"सरळवालं नकोय. Please, काका."

मी नाही म्हणणार होतो. पण बायकोच म्हणाली, "जाऊ दे की हो. मात्र मी टेबलाबरोबर येणार."

मला बरंच वाटलं. फुकटचा पहारा.

शूटिंग कोथरूडमधल्या एका रिकाम्या केलेल्या फ्लॅटमध्ये होतं. बायको रोज सकाळी बस पकडून जायची, संध्याकाळी यायची. जेवताना (आम्ही ते चार दिवस जमिनीवर बसून जेवलो) ती बोलायची. एरवी ती फार बोलत नाही. "कॅमेरा इतका जवळ असतो ना, हात जरा हलला तरी भूकंप झाल्यासारखा दिसतो हो." मी भाकरी मोडत "हं" म्हणालो. तिसऱ्या दिवशी तिच्या उजव्या हातात बांगड्या नव्हत्या.

"बांगड्या कुठायत?"

"पर्समध्ये. त्यांना आवाज चालत नाही."

मी मान हलवली. आवाज चालत नसेल. पुढे काय विचारायचं मला सुचलं नाही. मोलभाव करणारा माणूस मी, समोरच्याच्या पापणीवरून त्याची नड ओळखतो, असं मी लोकांना सांगत आलो.

टेबल परत आलं. महिन्याभराने सरांचा फोन आला. फिल्म जुळवून झाली आहे, टेबलाचा खडखडाट खरा वाटतो का तेवढं ऐकून जा. मी गेलो. एका छोट्या खोलीत संगणकापुढे ती विद्यार्थिनी आणि सर बसले होते. फिल्म दहा मिनिटांची. एक नवरा, एक बायको, जेवणं. टेबल हलतं, बायको पेल्यावर हात ठेवते. पुन्हा हलतं, पुन्हा हात. मला वाटलं, बरं आहे, आवाज बरोबर आहे.

मग कॅमेरा जमिनीवर गेला. टेबलाचा पाय. त्याखालचा कागद. एक हात आला आणि त्याने कागद ओढून काढला. एक घडी उघडली. दुसरी. तिसरी. चौथी.



वर शाळेचं नाव, जांभळा शिक्का, टाइप केलेली अक्षरं. आपली प्राथमिक शिक्षिका म्हणून नेमणूक करण्यात येत आहे. जिला पत्र लिहिलं होतं तिच्या नावावर घडी पडून अक्षरं उडाली होती. पण ते नाव वाचायला मला अक्षरं लागत नाहीत.

बायकोचे वडील खडकीच्या दारूगोळा कारखान्यात कामाला होते. क्वार्टरमध्ये वाढलेली ही मुलगी डी.एड. झालेली, आणि लग्नानंतर वर्षभरात तिला खडकीतल्याच एका शाळेचं पत्र आलं. मी तेव्हा नुकताच गाळा घेतला होता. मी वस्ती-वस्तीत सामान बघत फिरणार, मग दुकानात कोण बसणार? चार दिवस आमचं भांडण चाललं. पाचव्या दिवशी हे टेबल घरात आलं. ती चहा घेऊन आली, मी कोपर टेकवलं, टेबल कललं आणि बशीभर चहा सांडला. समोर एक कागद पडला होता. मी तो उचलला, चार घड्या घातल्या आणि पायाखाली सारला. टेबल थांबलं. ती उभी होती. पुढच्या सोमवारी ती दुकानात बसली.

मी हे विसरलो होतो, असं मी आजवर स्वतःला सांगत आलो. खरं काय ते मलाही नक्की सांगता येणार नाही. तो कुठला तरी जुना कागद आहे, एवढंच मी डोक्यात ठेवलं होतं. खाली वाकून बघायची मला कधी गरज पडली नाही. झाडू ती मारायची.

संगणकावरचं चित्र थांबलं. सर म्हणाले, "काय दिसलं?"

"कागद."

"आणखी?"

"आणखी काय दिसायचंय! कागद दिसला ना!"

त्यांनी संगणक बंद केला. मग म्हणाले, "बरं."

आता पुढच्या शनिवारी संस्थेत सगळ्या फिल्म दाखवणार होते, आणि बायकोला आमंत्रण गेलं होतं. तिने साडीही काढून ठेवली होती. माझ्या डोळ्यांपुढे एकच चित्र यायला लागलं: अंधाऱ्या हॉलमध्ये, शंभर माणसांत, भिंतीएवढं ते पत्र, आणि ती शेजारी बसून मान वळवून माझ्याकडे बघतेय. तिला त्या कागदाची आठवण नसेल, असं मला वाटत होतं. मला वाटत होतं, की ती विसरलीय म्हणून घर चाललंय.

"तो शॉट काढा," मी म्हणालो.

विद्यार्थिनी उसळली. "काका, तो शॉट म्हणजेच फिल्म आहे! No way!"

"टेबल माझं आहे. कागद माझ्या घरातला आहे. कुणाला विचारलंत?"

तिने तोंड उघडलं, सरांनी हात वर केला आणि ती गप्प बसली. ते मी बघितलं. पण मला वाटलं, घाबरली.

तीन दिवस मी चकरा मारल्या. झोप लागेना, जेवण जाईना. बायकोने विचारलं, "पित्त झालंय का?" मी हो म्हणालो. धंद्याचा पहिला नियम, आपली नड दाखवायची नाही. मी ती खिडकीत वाळत घातल्यासारखी दाखवली. आधी म्हणालो, अख्खा प्रसंग काढा. मग म्हणालो, कागद दाखवा, पण कोरा. मग म्हणालो, अक्षरं पुसट करा. तुमच्या संस्थेला इथून पुढे एक स्टूल देणार नाही, असंही म्हणालो. सर ऐकत होते. शेवटी म्हणाले, "हात कागदापर्यंत जाईल. तिथे कट. उघडणार नाही. चालेल?"

"चालेल!" मी म्हणालो. "आणि तो बेल्जियमचा आरसा तुमचा. आज पाठवतो."

"आरसा तुमच्याकडेच असू द्या," सर म्हणाले. "तुम्हाला लागेल."

मी हसलो. पुणेरी टोमणा म्हणून सोडून दिला. समोरचा फुकट द्यायला लागला की माल दोनदा तपासावा, हे मी किती नवशिक्यांना सांगितलंय. त्या दिवशी मी पायऱ्या दोन-दोन करून उतरलो.

शनिवारी संध्याकाळी बायको पुढच्या रांगेत बसली. मी तिच्या शेजारी. टेबल हललं, हात पेल्यावर गेला, लोक हसले. कॅमेरा जमिनीवर आला. बायको खुर्चीत पुढे सरकली. पडद्यावरचा हात आला, कागदाच्या कडेला लागला, आणि पडद्यावर भिंत आली. नुसती भिंत. ती तशीच पुढे झुकून बसून राहिली. फिल्म संपली, टाळ्या झाल्या, दिवे लागले, तरी ती पडद्याकडे बघत होती. मला हायसं वाटलं. हे मी लपवत नाही, हायसं वाटलं.

आम्ही स्कूटरवरून परत निघालो. घराजवळच्या सिग्नलला म्हणाली, "उघडायचं कापलं त्यांनी."

माझ्या हातातून ब्रेक सुटला. "काय उघडायचं?"

"कागद. चार घड्या. त्या मुलीने मला फोनवर दाखवलं होतं, छान आलं होतं."

"लांबत असेल," मी म्हणालो.

"तो हात माझा होता," ती म्हणाली.

मागून हॉर्न वाजायला लागले. मी स्कूटर कशी पुढे घेतली आठवत नाही.

घरी आल्यावर तिने सगळं सांगितलं, साडीच्या घड्या घालता घालता. शूटिंगमध्ये त्या मुलीने विचारलं होतं, काकू, हा कसला कागद? ही म्हणाली, थांब, मी दाखवते. मुलीने कॅमेरा लावला. नटीच्या हाताला ते जमेना, ती एखादं पाकीट फोडावं तसा कागद उघडत होती. मग हिने बांगड्या काढल्या आणि स्वतः उघडला. एका फटक्यात जमलं. "दर दिवाळीला उघडून बघायचे मी," ती म्हणाली. "टेबलाचे पाय पुसायला ते उचललं की. हाताला सवय होती." आणि सरांना तिनेच सांगितलं होतं, यांना आधी बोलू नका, यांना पडद्यावरच दिसू दे. घरात सांगितलं तर हे ओरडतील, अंधारात ओरडता येत नाही.

संगणकापुढे मी तो हात बघितला होता. पाच पावलांवरून. ती चारही बोटं, अंगठ्यावरचा विळीचा व्रण. मला कागद दिसला.

त्याला आता तीन आठवडे होतायत. टेबल जागेवर आहे, पायाखाली काही नाही. पत्र त्या विद्यार्थिनीने तिला परत दिलं, ते ती पर्समध्ये ठेवते. मी एका सकाळी रंधा काढला. ती म्हणाली, "आता नको." आम्ही जेवतो, टेबल हलतं. पेल्यावर ती हात ठेवत नाही. मीच ठेवतो, आणि तरी पाणी सांडतं, मला ते जमत नाही. रोज जेवताना वाटतं, आज विचारेल. ती लोणचं मागते.

तिला वाटतंय, कापलं ते सरांनी. काल तिने सांगितलं, "सोमवारी संस्थेत जाणार आहे मी."

"कशाला?"

"सरांना विचारायला. आयुष्यात एकदा काही मागितलं होतं कुणाकडे. कापायचंच होतं, तर मला का नाही सांगितलं?"

आज शनिवार आहे.

माझं मी तिला सांगेन. सोमवारच्या आधी सांगेन, सर, तुमच्या तोंडून तिला कळायला नको. टेबलाशी बसूनच सांगेन, हललं तर हलू दे. ते माझं देणं आहे, मी त्यात घासाघीस करणार नाही. पण सर, तुमचं काय? मी तीन दिवस तुमच्या दारात नाक घासत होतो. माझी बायको जे एकच मागतेय तेच मी सौद्यात कापून घेतोय, हे तुम्हाला ठाऊक होतं आणि मला नव्हतं. तिला शब्द दिला होतात म्हणून बोलला नाहीत? तर पडद्याआधी संगणकावर मला का दाखवलंत? मग मला कापून द्यायचा शब्द का दिलात? एकच वस्तू दोन गिऱ्हाइकांना देणाऱ्याला आमच्या बाजारात काय म्हणतात ते मी इथे लिहीत नाही. "नाही" म्हणायला तुम्हाला काय झालं होतं? तुम्ही नाही म्हणाला असतात, तर मी त्या हॉलमध्ये बसलो असतो, ते पत्र भिंतीएवढं झालं असतं, आणि तिने मान वळवून बघितलं असतं. मला त्याचीच भीती होती. तिला तेवढंच हवं होतं. तुम्ही आम्हा दोघांच्या मधोमध एक कोरी भिंत लावलीत, आणि वर्गात त्याला काहीतरी नावही दिलं असेल.

उद्या सकाळी दहा वाजता मी तुमच्या दारात उभा राहीन. चहा नको. आरशाचं नाव काढू नका. हळू आवाजात बोलू नका, मी वाकणार नाही. का कापलंत, याचं उत्तर द्या.